खारवलेला मासा आणि लाल वाइन: पोर्तुगालच्या जेवणाच्या टेबलावरून

दोउरोकाठचा

पोर्तोच्या समोर, दोउरो नदीच्या अलीकडच्या काठावर, व्हिला नोव्हा द गाया आहे. गेली चार वर्षं मी इथे राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जुनी कौलारू गोदामं दिसतात. त्यांत पोर्ट वाइन वर्षानुवर्षं लाकडी पिंपांत मुरत पडलेली असते. पण हा धागा पोर्टवर नाही. इथली माणसं रोज जेवताना जी वाइन घेतात, ती कशाबरोबर घेतात आणि का, यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात झाली पहिल्या नाताळात. खालच्या मजल्यावरच्या आजींनी २४ डिसेंबरला जेवायला बोलावलं. त्या रात्री इथे घरोघर बाकाल्याव असतो, म्हणजे खारवून वाळवलेला कॉड मासा. मासा आहे म्हणून मी पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन गेलो. आजींनी ती प्रेमाने घेतली, फ्रीजमध्ये ठेवली आणि टेबलावर दाओं भागातली लाल वाइन उघडली. मी चकित झालेला बघून म्हणाल्या, "बाकाल्याव मासा नाही बाळा, बाकाल्याव म्हणजे बाकाल्याव."

ताटात उकडलेले बटाटे, कोबीच्या जातीतली मोठी हिरवी पानं, अंडं आणि मधोमध माशाचा जाड तुकडा. वरून गरम ऑलिव्ह तेलात तळलेला लसूण, आणि तेल इतकं की बटाटे त्यात बसलेले. काटा लावला की माशाच्या पाकळ्या सुट्या होत होत्या, शंखासारख्या पांढऱ्या आणि ओलसर. एक घास खाल्ला, वर लाल वाइनचा घोट घेतला. एरवी त्या वाइनने तोंड जरा आखडलं असतं, कडक कोऱ्या चहाने आखडतं तसं. इथे ती गोल लागली, आणि तेलाने जड झालेली जीभ पुढच्या घासाला मोकळी झाली.

पुढच्या महिन्यात मी तोच धडा उलटा शिकलो. बाजारात ताजा बांगडा मिळाला, घरी मसाला लावून तळला आणि म्हटलं, मासा आणि लाल जमतं की. बायराडा भागातली, 'बागा' नावाच्या द्राक्षाची तरुण, तुरट वाइन उघडली. पहिल्या घोटाला तोंडात गंजकी चव आली, जशी पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की येते. बाटली बाजूला ठेवावी लागली.

मग शोधलं आणि कारण सापडलं. लाल वाइनमध्ये थोडं लोह असतं. ते माशाच्या तेलाशी जमलं की हा धातूचा वास उठतो. बांगडा, तारली हे तेलकट मासे. कॉडची जवळजवळ सगळी चरबी त्याच्या यकृतात असते (कॉड लिव्हर ऑइल तिथूनच येतं), मांस अगदी बिनचरबीचं. त्यामुळे कुरबूर करायला माशाचं तेलच नाही. वर मीठ तुरटपणा दाबतं आणि ऑलिव्ह तेल त्याला मऊ करतं. म्हणजे आजींचं म्हणणं शब्दशः खरं होतं. वाइनच्या बाबतीत बाकाल्याव हा मासा नाहीच.

तेव्हापासून मी "मटणाला लाल, माशाला पांढरी" हे सोडलं. ताटात मीठ किती, तेल कोणतं, आंबट काय आहे, एवढंच बघतो. आपल्याकडे तळलेल्या सुरमईवर लिंबू पिळतो, जेवण संपता संपता सोलकढी घेतो, ती काय काम करते? पोर्तुगालच्या बहुतेक वाइन तेच काम करायला बनल्या आहेत. नुसत्या चाखल्या तर काही जरा आंबट, काही तुरट वाटतात. घासाबरोबर घेतल्या की त्यांचं सगळं कळतं.

तुमचे अनुभव, शंका लिहा. जमेल तसं उत्तर देतो.

अळूवडी

सुंदर लिहिलंय. वाचतेय.

सातपाटी

धागा आवडला, पण बाकाल्याव समजावून सांगा. आम्ही सुकी मासळी खाऊनच वाढलो. आमच्याकडे खारवलेली घोळ असते, जाड तुकड्यांची. तसंच काहीसं का? आणि मीठ कसं काढतात?

दोउरोकाठचा

@सातपाटी, ताई, जवळजवळ तसंच. गंमत म्हणजे कॉड पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही. पूर्वी इथले कोळी न्यूफाउंडलंडपर्यंत जायचे, आता बराचसा नॉर्वेकडून येतो. तरी लोक त्याला "फिएल अमिगो" म्हणजे इमानी मित्र म्हणतात आणि त्याचे वर्षाच्या दिवसांइतके प्रकार आहेत असं अभिमानाने सांगतात. दुकानात अख्खे मासे फळ्यांसारखे रचलेले असतात. दुकानदार करवतीसारख्या यंत्रावर तुकडे करून देतो. त्या कोपऱ्यात गेलं की सुक्या बाजाराचाच वास.

मीठ काढायला जाड तुकडा दीड-दोन दिवस गार पाण्यात ठेवायचा, तोही फ्रीजमध्ये, दिवसाला तीन-चारदा पाणी बदलत. आजींची खूण अशी की कातडीची बाजू वर ठेवायची. मीठ खाली उतरतं, कातडी खाली असली तर ते अडतं. शेवटी कडेचा एक कण कच्चाच चाखून बघायचा. थोडा खारेपणा राहिलाच पाहिजे, नाहीतर लाल वाइन पुन्हा तुरट लागते.

द्राक्षबाग

मी नाशिककडचा, घरची द्राक्षाची बाग आहे. तिकडे वेल कशावर चढवतात? आमच्याकडे मांडव किंवा वाय (Y) आकाराचा आधार. युरोपातल्या फोटोंत सगळीकडे कमरेएवढ्या रांगाच दिसतात.

दोउरोकाठचा

@द्राक्षबाग, वा, हा प्रश्न फार आवडला. उत्तरेला मिन्यो भागात गेलात तर तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. तिथे जुन्या बागा मांडवावरच आहेत, "रामादा" म्हणतात. काही ठिकाणी तर वेल झाडांवर चढवलेले. कारण जमिनीचे तुकडे लहान, खाली मका आणि भाजी घ्यायची, आणि अटलांटिकचा पाऊस इतका की घड जमिनीजवळ ठेवले तर बुरशी. नव्या बागा मात्र तारांवर आल्या आहेत.

याच भागातली "विन्यो व्हेर्द". शब्दशः हिरवी वाइन, पण रंग हिरवा नसतो, अर्थ ताजी, कोवळी असा. १९०८ मध्ये या भागाच्या सीमा आखल्या गेल्या. दारू कमी, बऱ्याच बाटल्यांत ९ ते ११ टक्के, आंबटपणा भरपूर आणि जिभेवर किंचित चुरचुर. ती चुरचुर हल्ली बहुतेक वेळा बाहेरून वायू सोडून आणतात. लोरेइरो द्राक्षाची असेल तर फुलांचा वास येतो. स्पेनच्या सीमेजवळच्या मोन्सांव आणि मेल्गासू या गावांतली अल्व्हारीन्यो मात्र भरदार असते, ती दोन-चार वर्षं ठेवली तरी चालते.

दोउरोच्या वरच्या अंगाला चित्र एकदम वेगळं. पाटीच्या दगडाचे उभे डोंगर, त्यावर कोरलेल्या पायऱ्या, उन्हाळ्यात भट्टी. तिथले लोक म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. वेलींची मुळं दगडाच्या भेगांतून खोल उतरलेली असतात. १७५६ मध्ये राजाचा मंत्री पोंबाल याच्या सरकारने या भागाची हद्द ठरवून ग्रॅनाइटचे खांब रोवले, त्यांतले काही अजून उभे आहेत. काही ठिकाणी आजही चांगल्या पोर्टसाठी द्राक्षं दगडी हौदात पायाने तुडवतात. पायाने बी फुटत नाही, म्हणून कडूपणा उतरत नाही.

द्राक्षबाग

बी न फुटणं हा मुद्दा पटला. धन्यवाद. खाली मका घ्यायची कल्पना वडिलांना सांगतो.

मांडवीतीर

पणजीहून. आमच्या घरी विंदालू, सोरपोतेल ही डुकराच्या मांसाची कालवणं, शिवाय रेशाद मसाल्यातली मासळी. हे सगळं पोर्तुगीजांकडून आलं म्हणतात, मग त्यांच्या वाइन याबरोबर जायला हव्यात ना? माझा अनुभव वाईट आहे. गेल्या वर्षी पाहुण्यांनी आणलेली आलेंतेजोची छान लाल वाइन विंदालूबरोबर उघडली आणि दोन्ही वाया गेलं.

दोउरोकाठचा

@मांडवीतीर, वाया जाणारच होतं, आणि कारण तुमच्या विंदालूच्या नावातच आहे. मूळ शब्द "व्हिन्या द आल्यूश", म्हणजे वाइन आणि लसूण. मदेइरा बेटावर अजूनही नाताळात डुकराचं मांस वाइन किंवा व्हिनेगर आणि लसणात मुरवून करतात. गोव्यात आल्यावर वाइनच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, मिरची आली, मसाले आले, आणि पदार्थ पूर्णपणे तुमचा झाला. आता त्यात व्हिनेगर इतकं आहे की त्यापेक्षा कमी आंबट असलेली कुठलीही वाइन पाणचट लागते. वर आलेंतेजो हा उन्हाचा प्रदेश, तिथल्या लाल वाइनमध्ये दारू १४ टक्क्यांपर्यंत सहज असते. दारूने मिरचीची आग वाढते. तुरटपणानेही वाढते.

मी इथे एका मंगळूरच्या मित्राच्या हातच्या सोरपोतेलबरोबर तीन बाटल्या उघडून बघितल्या. लाल लगेच बाद झाली. लोरेइरो बरी. सगळ्यांत जमली ती बायराडाची फेसाळ वाइन. तिकडे कोवळं डुक्कर मिरी-लसूण चोळून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कातडी पापडासारखी होते, आणि त्याबरोबर हीच फेसाळ वाइन पितात. चरबी, मिरी, लसूण, हे गणित सोरपोतेलच्या जवळचं आहे. बुडबुडे चरबी कापतात आणि आंबटपणा व्हिनेगरपुढे टिकतो.

विंदालूला आणखी एक सुचवतो, त्या बेटावरचीच मदेइरा वाइन. व्हर्देल्यो जातीची, मध्यम कोरडी. तिचा आंबटपणा जबरदस्त असतो आणि थोडी साखर मिरचीला शांत करते. मात्र १८-१९ टक्के दारू असते, म्हणून चमचा-दोन चमच्यांएवढाच घोट.

कवडसा

थोडा विरोध नोंदवतो. आपलं जेवण आणि वाइन जमत नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे? त्यांचं जेवण त्यांच्या वाइनला, आपल्याला ताक आणि सोलकढी. उगाच पुरणपोळीबरोबर वाइन वगैरे ओढाताण कशाला?

दोउरोकाठचा

@कवडसा, तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण अर्धा खरा आहे. वऱ्हाडी रस्सा, कोल्हापुरी तांबडा, ठेचा यांच्याबरोबर मीही वाइन घेत नाही. तिथे ताकच.

पण "आपलं जेवण" म्हणजे फक्त झणझणीत नव्हे. इथे लिस्बनकडे तिसऱ्यांचा एक पदार्थ करतात, बुल्यांव पातू नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या कवीचं नाव त्याला आहे. ऑलिव्ह तेलात लसूण, त्यात तिसऱ्या, झाकण, शिंपले उघडले की मूठभर कोथिंबीर आणि लिंबू. युरोपात हिरवी कोथिंबीर इतक्या प्रेमाने वापरणारा दुसरा देश मला माहीत नाही. पहिल्यांदा ते भांडं समोर आलं आणि वाफेतून लसूण-कोथिंबिरीचा वास आला, तेव्हा मला आईच्या तिसऱ्यांच्या सुक्क्याची आठवण झाली. फक्त खोबरं नव्हतं. खाली उरलेला रस पावाने पुसून खायचा, आणि "पाव" हा शब्दही त्यांचाच. सोबत गार विन्यो व्हेर्द. मग घरी आईच्या पद्धतीने खोबरं घालून, तिखट अर्धं करून तिसऱ्या केल्या, आणि तीच वाइन तितकीच छान लागली.

आणि पुरणपोळी तुम्ही काढलीत म्हणून सांगतो, ती मी खरंच करून बघितली आहे, दहा वर्षांच्या टॉनी, म्हणजे पिंपात मुरवलेल्या, पोर्टबरोबर. गूळ, जायफळ आणि तूप एका बाजूला, वाइनमध्ये अक्रोड, सुकं अंजीर आणि जळक्या साखरेचा वास दुसऱ्या बाजूला. ओढाताण वाटली नाही. पाडव्याला घरी सात जण होते, सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागितली. नियम एकच, वाइन गोडाहून गोड हवी. पोर्टमध्ये लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणून ती पुरणापुढे टिकते. साधी लाल वाइन पुरणाबरोबर कडू लागेल.

कवडसा

तिसऱ्यांचं पटलं. पुरणपोळीवर विचार करतो.

चिंचगूळ

पोर्ट इतकी गोड कशी? वरून साखर घालतात का? आमच्याकडे गोव्याहून जी स्वस्त "पोर्ट वाइन" येते ती तर सरबतच असते.

दोउरोकाठचा

@चिंचगूळ, साखर द्राक्षाचीच. रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांत, साधारण निम्मी साखर उरलेली असताना, त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. स्पिरिटने यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. एकूण वाइनचा पाचवा हिस्सा हे स्पिरिट असतं, म्हणून १९ ते २२ टक्के दारू.

पुढे दोन वाटा. रूबी, एलबीव्ही (एकाच वर्षाची, उशिरा बाटलीत भरलेली) आणि व्हिंटेज (एकाच उत्तम वर्षाची) यांना हवा फार लागू देत नाहीत, म्हणून त्या गडद लाल आणि फळांच्या चवीच्या. टॉनी छोट्या पिंपांत वर्षानुवर्षं हवा खात बसते, रंग उडून विटकरी होतो. बाटलीवर १०, २०, ३०, ४० लिहिलेलं असतं ते त्या शैलीचं वय. माझ्या मते जेवणाच्या शेवटी २० वर्षांची टॉनी, किंचित गार करून, याला तोड नाही. पैसे मोजायचेच असतील तर तिथे मोजावेत.

उघडल्यावर व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवा. रूबी, एलबीव्ही आठवडाभर, टॉनी महिनाभर फ्रीजमध्ये चांगली राहते.

चिंचगूळ

आणि मदेइरा?

दोउरोकाठचा

मदेइरा महिनोन् महिने. तिचं जे बिघडायचं ते आधीच बिघडवून झालेलं असतं. पूर्वी या बेटावरून पिंपं जहाजांच्या तळात भारताकडे निघायची. विषुववृत्त ओलांडून, उन्हात उकडून काही पिंपं परत यायची आणि लोकांच्या लक्षात आलं की प्रवास करून आलेली वाइन जास्त चांगली लागते. त्या वाइनला "विन्यो द रोदा" म्हणजे फेरी मारून आलेली वाइन असं नाव पडलं. आता जहाजाऐवजी चांगल्या प्रतीची वाइन गोदामांच्या उबदार माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवतात, आणि साधी टाकीत ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवतात. गोव्याच्या वाटेवरची उष्णता त्या चवीत आहे, हे मला दर घोटाला जाणवतं.

अळूवडी

आम्ही शाकाहारी. वाचून भूक लागली पण आमच्यासाठी काही आहे का? नवऱ्याची पुढच्या वर्षी लिस्बनला बदली होतेय.

दोउरोकाठचा

@अळूवडी, आहे, आणि तुमच्या नावाशी जुळणारंच आहे. "पेशीन्योश दा ओर्ता", शब्दशः बागेतल्या मासोळ्या. आहे काय, तर फरसबीची भजी! अख्खी फरसबी पिठात बुडवून तळायची. सोळाव्या शतकात हेच तळण पोर्तुगीजांबरोबर जपानला गेलं आणि तिथे तेंपुरा झालं. यावर लिंबू पिळा आणि विन्यो व्हेर्द घ्या. अळूवडीलाही तीच चालेल. अळूवडीत चिंच-गूळ असतो, म्हणून अगदी कोरडी न घेता किंचित गोडसर बाटली बघा.

दुसरं, सेरा दा इश्त्रेला डोंगरातलं मेंढीच्या दुधाचं चीज. ते वासराच्या रेनेटने (पोटातल्या विरजणाने) नाही, एका काटेरी फुलाच्या केसरांनी विरजतात, त्यामुळे तुम्हाला निर्धास्त चालेल. वरचं साल झाकणासारखं कापायचं, आत खरवसापेक्षा मऊ, चमच्याने खायचं. सोबत त्याच डोंगराच्या पायथ्याची दाओंची लाल.

एक सावध करतो. "काल्दू व्हेर्द" हे हिरव्या पानांचं सूप शाकाहारी दिसतं, पण त्यात सॉसेजची चकती असते. आधी सांगून ठेवा. आणि वाइन स्वच्छ करायला कुठे कुठे अंड्याचा पांढरा वापरतात. पूर्वी मठांमध्ये असा पांढरा वापरून उरलेल्या बलकांतूनच इथल्या पिवळ्याधमक मिठाया निघाल्या, असं सांगतात. अंडं चालत नसेल तर बाटलीवर तसा उल्लेख बघून घ्या.

अळूवडी

फरसबीची भजी!! उद्याच करते. खूप आभार.

खारीबिस्कीट

मुंबईत लाल वाइन "रूम टेंपरेचर"ला द्यायची असं वाचलंय. आमची रूम ३२ अंशांची.

दोउरोकाठचा

@खारीबिस्कीट, ते तापमान थंड देशातल्या दगडी घराचं, १६ ते १८ अंशांचं. मुंबईत लाल बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाच, गरम लाल वाइन नुसती दारूसारखी झोंबते. पांढरी ८-१० अंशांवर, म्हणजे फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटांनी. आणि विन्यो व्हेर्द घेताना बाटलीवर वर्ष असेल तर सगळ्यांत अलीकडचं घ्या. दुकानात तीन वर्षं उन्हात उभी असलेली साधी विन्यो व्हेर्द नकोच.

सातपाटी

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण करून बघायचं होतं. भाचा लिस्बनहून आला, त्याला दाओंची लाल आणायला सांगितली होती. खारवलेली घोळ दीड दिवस भिजवली, कातडी वर ठेवून, पाणी सहादा बदललं. मग बटाट्याबरोबर उकडली. ऑलिव्ह तेल पुरेसं नव्हतं म्हणून अर्धं शेंगदाण्याचं, अर्धं भाच्याने आणलेलं, त्यात आख्ख्या गड्ड्याचा लसूण. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये.

आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा वाइन घेत होते. आधी नुसता घोट घेतला, तोंड वाकडं केलं, कच्च्या जांभळासारखी लागते म्हणाले. मग घोळीचा घास खाऊन घेतला आणि काही न बोलता पेला पुढे केला. सासूबाईंनी वाइन नाही घेतली, पण घोळ दोनदा घेतली. मी हट्टाने एका तुकड्यावर आमचा लाल मसाला टाकून बघितला. तिथे मात्र वाइन लगेच कडू झाली, तुम्ही म्हणालात तशीच.

एक विचारायचं होतं. तुकडे कडेला चिवट झाले. भिजवणं कमी पडलं का?

दोउरोकाठचा

ताई, वाचून फार आनंद झाला! भिजवणं बरोबर आहे, उकळी जास्त झाली असणार. पाणी खळखळू द्यायचं नाही. बटाटे आधी शिजवा, आच मंद करा, मग मासा सोडून झाकण ठेवा, सात-आठ मिनिटांत पाकळ्या सुटायला लागतात. आजींना आज घोळीचा फोटो दाखवतो. टाकाल का इथे?